आधी सतरंजी, मग खुर्ची



गेल्या पौषात दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत राहणाऱ्या परिचित कुटुंबाकडे जाण्याचा आम्हांस योग आला. गृहस्थ मूळचे सोलापूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत असून दोन वर्षांपूर्वी बदलीने येथे आलेले. त्यांच्या पत्नी एका शाळेत शिकवितात. दोन मुले, आणि थंडीचे दोन महिने नातवंडांच्या सहवासात काढावेत म्हणून गावाहून आलेल्या आजी, असा पाच माणसांचा संसार. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच दृष्टीस पडला तो नवा कोरा सोफासेट. तिघांचे एक लांब आसन, दोन रुंद खुर्च्या, मध्ये काचेचे भले मोठे मेज आणि समोर दूरचित्रवाणी संचासाठी केलेले कपाट. आसनांवरचे पारदर्शक वेष्टन अद्याप उतरविलेले नव्हते. चहा घेऊन येणाऱ्या बाईंना मेज आणि खुर्ची यांमधून आडवे होऊन वाट काढावी लागली व तेवढ्यात अर्धा चहा ताटलीत सांडला. मुले आतल्या खोलीत पलंगावर वह्या पसरून बसली होती. आजी कोठे आहेत, असे विचारता त्याही आतच, पलंगाच्या कडेला शाल लपेटून बसलेल्या आढळल्या.

“आई, बाहेर येता का?” असे सूनबाईंनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा “नको ग, इथेच बरी आहे मी,” असे उत्तर आले. संक्रांत करून जावयाचे ठरले असता आजी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातच सोलापूरला परतल्या. दिल्लीची थंडी मानवत नाही, असे त्यांनी सर्वांना सांगितले.

“थंडीचे निमित्त झाले,” सूनबाई पुढे फोनवर म्हणाल्या. “ह्या घरात त्यांना बसायला जागाच सापडली नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही सापडलेली नाही. खोली सजवायला गेलो आणि होती ती खोली घालवून बसलो.”

त्या खोलीचे पुढे काय झाले, ते आज सांगावयाचे आहे. आपण नागपुरास राहत असाल, इंदुरास किंवा बेळगावास. आपली खोली ह्याहून मोठी असेल किंवा लहान. तरी हा अनुभव आपल्या परिचयाचा निघेल, असे वाटते.

प्रथम आम्ही माप घेतले. खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब, म्हणजे १२० चौरस फूट. तिघांचे आसन सात फूट लांब व तीन फूट खोल. त्याने २१ चौरस फूट व्यापले. दोन खुर्च्या प्रत्येकी तीन फूट चौरस, म्हणजे आणखी १८. मेज चार फूट बाय दोन फूट, म्हणजे ८. कपाट पाच फूट बाय दीड फूट, म्हणजे साडेसात. बेरीज साडेचोपन्न. जवळजवळ अर्धी जमीन सामानाखाली गेली होती. उरलेल्या अर्ध्या जमिनीत दोन दारे उघडावयाची, सज्जाकडे जाण्याची वाट ठेवावयाची आणि पाच माणसांनी वावरावयाचे. हे गणित खरेदीपूर्वी केले असते तर कागदाच्या एका चिटोऱ्यावर पाच मिनिटांत उरकले असते. परंतु दुकानाच्या शंभर फुटी दालनात, उंच छताखाली मांडलेली कोणतीही वस्तू लहानच दिसते. सोफा तोच असतो. खोली मात्र आपली असते, दुकानदाराची नव्हे.

दुसरी चूक अशी की, सर्व सामान एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच लाकडाचे व एकाच कापडाचे घेतले गेले. ‘सेट’ ह्या शब्दात मोठी मोहिनी आहे. आपणास काही ठरवावे लागत नाही. दुकानदाराने आधीच ठरवून ठेवलेले असते. पैसे बारा मासिक हप्त्यांनी द्यावयाचे होते व त्यांतील सात हप्ते अद्याप शिल्लक होते. जाता जाता सांगावेसे वाटते की, ‘बिनव्याजी’ म्हणून सांगितलेल्या हप्त्यांत पुष्कळदा रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट नाहीशी होते. म्हणजे व्याज पुढच्या दाराने जाऊन मागच्या दाराने येते. रोख भाव व हप्त्यांची बेरीज ह्या दोन्ही आकड्यांची तुलना केल्यावाचून सही करू नये.

आपल्याकडील बैठकीच्या खोलीत मुळी फारसे सामान नसेच. वाड्याच्या सदरेवर गादी, तिच्यावर शुभ्र चादर, पाठीशी लोड, बाजूला तक्के. इकडे दिल्लीच्या जुन्या घरांतही हीच रीत होती. जमिनीवर जाड सतरंजी, तिच्यावर ‘चांदनी’ म्हणजे पांढरी चादर आणि टेकण्यास गावतकिये. सकाळी त्याच जागी मुलांचा अभ्यास, दुपारी आल्यागेल्याचे स्वागत, सायंकाळी गाणेबजावणे आणि रात्री अंथरुणे. खोली एकसंध दिसे ती सामानाच्या जुळणीमुळे नव्हे, तर पायाखालच्या एका अखंड वस्त्रामुळे. पुढे कचेरीबरोबर खुर्ची आली, खुर्चीबरोबर मेज आले; आणि आता सोफा आला की सतरंजी गुंडाळून माळ्यावर जाते. सर्वांनी पुन्हा मांडी घालून बसावे, असे आमचे म्हणणे नाही. पण खोलीची जुळणी जमिनीपासून सुरू करावयाची असते, ही जुनी जाण मात्र आपण सामानाच्या गर्दीत हरवली आहे.

चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशातील वस्तुरचनेसंबंधी एक अहवाल सादर केला होता. त्याच विचारातून १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. ईम्स दांपत्य स्वतः खुर्च्यांचे जगप्रसिद्ध रचनाकार. परंतु भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांनी सर्वांत गौरविली ती कोणतीही खुर्ची नव्हे, तर साधा लोटा. त्यात किती पाणी मावावे, तो काखेत कसा बसावा, डोक्यावर कसा तोलावा, आतून घासता कसा यावा, अशा प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या मिळत जाऊन त्याचा आकार घडला, असे त्यांचे प्रतिपादन होते. खोलीच्या बाबतीतही रंग व रूप ह्यांच्या आधी हेच प्रश्न येतात. येथे कोण बसणार? किती वेळ? हातात काय असणार? त्यांना कोणाचे तोंड दिसले पाहिजे?

तेव्हा आम्ही सुचविले की, एका रविवारी खोली पूर्ण रिकामी करावी. शेजाऱ्यांच्या साह्याने सामान सज्जात व मागील खोलीत हलविले. रिकाम्या खोलीत मुलांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर जमिनीवर आडवी होऊन पत्त्यांचा डाव मांडला! वडील काही वेळ पाहत उभे राहिले आणि मग स्वतःही बसले. “अहो, फरशी गार आहे, खाली काही घ्या,” असे म्हणून बाईंनी माळ्यावरची जुनी सोलापुरी चादर काढून दिली. त्या क्षणी खोलीचा अर्धा आराखडा ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून प्रत्येक वस्तूच्या मापाचा तुकडा कापला व जमिनीवर मांडून पाहिला. ही युक्ती फुकटची आहे व कोणत्याही चित्रापेक्षा अधिक खरे बोलते. दोन प्रमाणे ध्यानात ठेवावीत. माणसाला सरळ चालत जाता यावे अशी वाट अडीच फूट रुंद लागते. आणि आसन व त्यापुढील मेज ह्यांत सव्वा ते दीड फूट अंतर असावे. त्याहून कमी झाल्यास गुडघे आपटतात, अधिक झाल्यास चहाचा पेला ठेवण्यास पुढे वाकावे लागते. कागद मांडल्यावर दिसून आले की, लांब आसन बारा फुटी भिंतीशी राहू शकते; दोन खुर्च्या व काचेचे मेज मात्र राहूच शकत नाही. ती विकावयाचे ठरले. किंमत अर्ध्याहूनही कमी आली. गृहस्थांना ते जड गेले व दोन दिवस त्यांनी ह्या विषयावर बोलणे टाळले; परंतु गैरसोय घरात ठेवल्याने नुकसान भरून येत नाही, हे बाईंनी त्यांना पटविले.

आता सतरंजी. दिल्लीत दुकानदार तिला ‘दरी’ म्हणतो. नवख्या मराठी माणसास प्रथम सह्याद्रीच आठवतो! ती घेण्यासाठी हे कुटुंब पानिपतला गेले. दिल्लीहून उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवरील हे शहर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. मराठी कानाला हे नाव १४ जानेवारी १७६१ शिवाय ऐकूच येत नाही. आपल्या भाषेत तर ते पराभवाचे सामान्यनामच होऊन बसले आहे. पण उत्तर हिंदुस्थानातील गृहिणीस विचारा; तिच्या लेखी पानिपत म्हणजे सतरंज्या, पडदे, चादरी आणि घोंगड्या. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्या विणकर कुटुंबांनी ह्या धंद्यास मोठी चालना दिली. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे रंगवार निवडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा व त्याच्या घोंगड्या विणण्याचा उद्योगही येथे फार मोठा आहे. सोलापूरच्या चादरीस २००५ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही गोष्ट गृहस्थांनी तेथील दुकानदारास मोठ्या अभिमानाने सांगितली. त्याने चहा पाजला. भाव मात्र कमी केला नाही.

सतरंजी आणि गालिचा ह्यांतील भेद पुष्कळांना ठाऊक नसतो व तेथेच फसगत होते. सतरंजी सपाट विणीची असते. तिला लव नसते, आणि आडव्या धाग्यांनी उभे धागे पूर्ण झाकलेले असतात. विणताना धागे ठोकून घट्ट बसविण्यासाठी पंजाच्या आकाराचे लोखंडी हत्यार वापरतात, म्हणून तिला पंजा दरी म्हणतात. चांगली सतरंजी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. एक बाजू मळली की उलटून घालता येते. गालिच्यात उभ्या धाग्यांवर लोकरीची किंवा रेशमाची एकेक गाठ मारून लव उभारलेली असते. एका चौरस इंचात गाठी जितक्या अधिक तितकी नक्षी सुबक व किंमत चढी. गालिचा उलटून पाहावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट उमटलेली असते आणि त्याच्या दशा म्हणजे ताण्याचेच पुढे आलेले धागे असतात. पाठीवर कापड चिकटविलेले असेल व दशा वरून शिवलेल्या असतील, तर तो गाठींचा नव्हे. लव टोचून मागे चिकणीने पक्की केलेला आहे. तोही वापरावयास वाईट नसतो. मात्र गाठींच्या गालिच्याची किंमत त्याला देऊ नये. लोकरीचा एक धागा जाळून पाहिला तर केस जळल्यासारखा वास येतो. कागद जळल्यासारखा वास आल्यास ते कृत्रिम रेशीम समजावे, आणि वितळून गोळी झाल्यास नायलॉन किंवा तत्सम काही.

आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहू नये, ती म्हणजे हे कोणाच्या बोटांनी विणले. गालिच्यांच्या मागांवर लहान मुलांना राबविण्याची रीत आपल्या देशाला दीर्घकाळ लांछन आणीत होती. ह्या प्रश्नावर लढणारे कैलाश सत्यार्थी ह्यांना २०१४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याच पुढाकाराने बालश्रमाविना विणलेल्या गालिच्यांसाठी १९९४ च्या सुमारास ‘रगमार्क’ ही खूण सुरू झाली. पुढे तिचे नाव ‘गुडवीव्ह’ झाले. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून शासनाची ‘हँडलूम मार्क’ ही खूण आहे. दुकानात ह्या खुणांची चौकशी करावी. चौकशीने दुकानदाराच्या चेहऱ्यावर काय उमटते, त्यावरूनही बरेच कळते.

भव्य गालिचा कसा असतो ते पाहावयाचे असेल तर २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसदभवनाकडे पाहावे. त्यातील सागवान नागपूरहून आले आणि दोन्ही सभागृहांचे गालिचे भदोही-मिर्झापूर भागातील विणकरांनी हाताने विणले. चौरस इंचास १२० गाठी, आणि सर्व मिळून साठ कोटींहून अधिक! राज्यसभेच्या गालिच्यावर कमळ आहे व त्याचा रंग कोकमाच्या जातीचा तांबडा. लोकसभेच्या गालिच्यावर मोरपीस व रंग हिरवा. दोन सभागृहे पाहणाऱ्याच्या मनात वेगळी राहतात ती बाकांमुळे नव्हे, तर ह्या रंगांमुळे. आपल्या दहा-बारा फुटी खोलीचा संसदेशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध इतकाच, की तेथेही खोलीचा रंग जमिनीने ठरविला आहे.

आमच्या परिचितांनी सुती पंजा दरी घेतली, सहा फूट बाय नऊ फूट. दिल्लीत उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो व धुळीची वादळे येतात. लव असलेला गालिचा अशा दिवसांत धूळ पोटात साठवून बसतो. म्हणून जुनी दिल्लीकर मंडळी होळीनंतर गालिचे गुंडाळून ठेवीत व दिवाळीनंतर उलगडीत. ज्याला एकच वस्तू परवडते त्याने सतरंजी घ्यावी. थंडीत तिच्याखाली जाड घोंगडी पसरली की फरशीचा गारठा अडतो. मापाविषयी मात्र काटकसर करू नये. सोफ्यापुढे पायपुसण्याएवढा तुकडा टाकला तर खोली अधिकच विस्कळीत दिसते. येथे सहा फूट रुंदीमुळे दोन्ही अंगांना दोन-दोन फूट फरशी मोकळी राहिली आणि सोफ्याचे पुढचे पाय फूटभर सतरंजीवर आले. एवढ्याने, कालपर्यंत भिंतीला चिकटून परक्यासारखा उभा असलेला तो सोफा खोलीतला झाला. रंग कोणते, तर विटकरी, काळसर निळा व मातकट पांढरा. तिन्ही गडद धाग्यांचे, मळखाऊ. ह्यापुढे जे जे घ्यावयाचे, ते ह्या तीन रंगांपैकी एकाशी जुळले पाहिजे, अशी अट बाईंनी घातली आणि कठोरपणे पाळली. यजमानांनी हौसेने आणलेले जांभळे पडदे दुसऱ्याच दिवशी परत गेले.

खिडकीखालील भिंतीशी सुताराकडून एक दिवाण करून घेतला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि गादीसह सोळा इंच उंच. आत पोकळी ठेवली, कारण दिल्लीत रजया हा घरातील सर्वांत अवजड पाहुणा असतो. नऊ महिने त्याची सोय कोठे लावावी हा प्रश्नच पडतो. लाकूड शीशमचे. येथे मराठी वाचकाने सावध असावे. आपल्या वाड्यांतील ‘शिसवी’ पलंग व झोपाळे ज्या काळ्याभोर लाकडाचे, तो दक्षिणेकडील शिसवाचा वृक्ष. उत्तरेतील शीशम हा त्याचा भाऊबंद, पण रंगाने फिका तपकिरी व वेगळ्या जातीचा. शीशमच्या गाभ्याचे लाकूड उत्तम टिकते. त्याच्या भोवतालच्या पांढरट लाकडाला मात्र कीड लवकर लागते, व रंग चढविल्यावर ते ओळखू येत नाही. म्हणून फळ्या रंगविण्यापूर्वी जाऊन पाहाव्यात. भुशाच्या दाबीव फळीचे सामान स्वस्त पडते, पण पाणी लागले की फुगते आणि एकदा स्क्रू सैल झाला की पुन्हा धरत नाही. ज्यांच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली आहे त्यांनी ते ट्रकमध्ये चढविण्यापूर्वीच त्याचा निरोप घ्यावा.

खुर्च्या शेवटी घेतल्या, आणि त्याही दोनच. दिल्लीत कीर्तिनगर व पंचकुइयाँ मार्ग ही नव्या सामानाची मोठी ठिकाणे. परंतु लाजपतनगरजवळच्या अमर कॉलनीत जुन्या लाकडी सामानाच्या दुकानांची रांगच आहे. तेथे सागवानी, वेताच्या विणीच्या दोन हलक्या खुर्च्या मिळाल्या. वेत फाटलेला, सांगाडा मात्र भक्कम. हाच प्रकार चंडीगडच्या खुर्च्यांचा. पिअर जानरे ह्या स्विस वास्तुशिल्पज्ञाने १९५१ ते १९६५ ह्या काळात तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान व वेत ह्यांच्या साध्या खुर्च्या योजल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, गच्चीवर ढीग होऊन पावसात भिजल्या, कवडीमोलाने लिलावात गेल्या. आणि परदेशांतील लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयास त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. वेताची बैठक पुन्हा विणून घेता येते, हा तिचा मोठा गुण. अंध विद्यालयांतून ही कला शिकविली जाते व अनेक दृष्टिहीन कारागीर ती अत्यंत सफाईने करतात. दोन खुर्च्यांचा वेत नवा करून घेण्यास जो खर्च आला, त्यात नवी गादीची एक खुर्चीही आली नसती. जास्त मंडळी आली तर सरकंड्याचे दोन मुढे आहेत. हरियाणाच्या रस्त्यांकडेला ते विकावयास मांडलेले दिसतात, आणि मुलेही ते एका हाताने उचलतात.

काचेच्या मेजाच्या जागी दोन लहान तिवया आल्या. दूरचित्रवाणी संच भिंतीवर गेला आणि त्याचे कपाट आत जाऊन पुस्तकांचे झाले.

शोभेच्या वस्तूंविषयी आम्ही थोडक्यातच सांगणार आहोत, कारण तेथे चुका होतात त्या बहुधा आधिक्याच्या. ह्या घरी एक काचेची मांडणी होती. तीत प्लास्टिकची फुले, तीन घड्याळे, बक्षिसाचे पेले, जयपूरचे हत्ती आणि ताजमहाल. मुलांचे पेले मुलांच्या खोलीत गेले, बाकीचे पेटीत. राहिला तो आजींनी लग्नात दिलेला पितळी तांब्या, आणि तो खिडकीत ठेवल्यावर सकाळच्या उन्हात असा झळकू लागला की त्याच्या शेजारी दुसरे काही नकोच वाटले. उशांना खणाचे अभ्रे शिवले. विटकरी खण, निळा काठ. खणाची वीण बारीक व चमक मोजकी असल्याने जाड सतरंजीवर ती खुलून दिसते. भिंतीवर वारली पद्धतीचे एकच चित्र, कागदावर छापलेले नव्हे तर कापडावर हाताने काढलेले. जिव्या सोमा म्हसे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाल्यानंतर ही कला घरोघरी पोचली हे खरे. पण पेल्यांपासून पादत्राणांपर्यंत सर्वत्र ती छापून आता तिचा वीटही येऊ लागला आहे. एक खरे चित्र असावे आणि ते बसलेल्या माणसाच्या नजरेला यावे. आपण चित्रे उभ्याने टांगतो व फार वर टांगतो.

दिवा हा शेवटचा विषय, पण महत्त्वाने शेवटचा नव्हे. सरकारी निवासस्थानात भिंतीवर उंच एक लांब नळीचा पांढरा दिवा असतो. त्या प्रकाशात उत्तम सतरंजीही रेल्वेच्या प्रतीक्षालयातील वाटते. दिवाणापाशी एक व सोफ्याच्या कोपऱ्यात एक, असे पिवळसर प्रकाशाचे दोन ठेंगणे दिवे लावताच खोलीने जणू खांदे सैल सोडले.

ज्यांना अशा वस्तू प्रत्यक्ष पाहून डोळा तयार करावयाचा आहे, त्यांनी दिल्लीस आल्यावर जनपथावरील केंद्रीय कुटीर उद्योग भांडारात (स्थापना १९५२) एक दुपार काढावी, आणि भैरों मार्गावरील राष्ट्रीय हस्तशिल्प संग्रहालय अवश्य पाहावे. विकत काही घेतलेच पाहिजे असे नाही.

मार्गशीर्षात आजी पुन्हा आल्या. आमची व सूनबाईंची अशी समजूत होती की त्यांना जमिनीवर बसण्याची सवय असल्याने सतरंजी पाहून त्या तेथेच बैठक मारतील. त्यांनी सतरंजीवरून हात फिरविला, “वीण चांगली आहे हो,” म्हणाल्या, आणि जाऊन दिवाणावर बसल्या. “गुडघे धरतात ग आता. खाली बसले तर उठवायला दोघे लागतील,” असा त्यांनी खुलासा केला. मग मागच्या वर्षी सोफ्यावर का बसत नव्हत्या, असे सूनबाईंनी न राहवून विचारले.

“तिथून स्वयंपाकघर दिसत नव्हते,” आजी म्हणाल्या. “तू काय करतेस ते दिसायचे नाही, पोरे दिसायची नाहीत. समोर नुसता तो टीव्ही. पाहुण्यासारखे किती बसायचे?”

दिवाण खिडकीखाली ठेवला तो उजेडासाठी व भिंत रिकामी होती म्हणून. तेथून स्वयंपाकघराचे दार सरळ नजरेस येते, हे ठेवताना कोणाच्या मनातही आले नव्हते! आमच्या कागदी तुकड्यांच्या मांडणीत वाटा होत्या, अंतरे होती, रंग होते. बसलेल्या माणसाला काय दिसते, हा प्रश्न आम्हीच आधी विचारून मग विसरून गेलो होतो. आता वाचकांनी विसरू नये. प्रत्येक कागदी आसनावर स्वतः बसून पाहावे.

यंदा आजी संक्रांत करून गेल्या. जाताना आपली जुनी, नऊवारी लुगड्यांची गोधडी दिवाणावर ठेवून गेल्या. तिच्यात हिरवा व जांभळा दोन्ही रंग आहेत आणि बाईंनी ह्या वेळी अटीचे नाव काढले नाही.

सतरंजीच्या निगेविषयी अनेकदा विचारणा होते. ती रोज झाडावी, पण महिन्यातून एकदा उलटी करून जमिनीवरची धूळही काढावी, कारण धुळीचे खडे धागे कातरतात. नवी सुती सतरंजी धुण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसून रंग उतरतो का ते पाहावे. उतरत असल्यास घरी धुऊ नये. चहा सांडल्यास चोळू नये, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा व मग गार पाण्याने. वर्षातून दोनदा ऊन द्यावे, मात्र सकाळचे. दिल्लीच्या वैशाखातील दुपारच्या उन्हात तासाभरात रंग विटतो. आणि उन्हाळ्यासाठी ठेवावयाची झाल्यास घडी घालू नये, नळीसारखी गुंडाळावी, आत कडुनिंबाचा सुकलेला पाला घालावा. घडीच्या रेषेवर सतरंजी सर्वांत आधी फाटते.